तंबोऱ्याच्या कसोटीवर अल्सा: लिनक्सच्या साउंड ड्रायव्हरचं परीक्षण

साउंड कार्ड पारखायला बहुतेक जण एखादं सिनेमाचं गाणं लावतात. गाण्यात इतकी वाद्यं एका वेळी वाजत असतात की कार्डातली खोट त्यात सहज लपते. मिरजेच्या तंबोऱ्यापुढं ती लपत नाही. तार छेडली की सूर फुलतो, घोडीवरच्या जवारीतून वरचे स्वर एकामागून एक उमलतात आणि पुढची तार छेडेपर्यंत सावकाश विरत जातात. या विरण्यात कुणीही ढवळाढवळ केली, मग तो ड्रायव्हर असो, मधलं सॉफ्टवेअर असो की भिंतीतल्या विजेची घरघर, कानाला ती तिथल्या तिथं कळते. म्हणून लिनक्सच्या अल्सा या ओपन सोर्स ड्रायव्हरची, म्हणजे कंप्यूटर आणि साउंड कार्ड यांची गाठ घालून देणाऱ्या प्रोग्रॅमची, पारख इथं तंबोऱ्यावर केली आहे. कार्डं घेतली आहेत ती सांगली-मिरजेच्या घरांत नेहमी दिसणारी: मदरबोर्डवरचं रिअलटेक, दोन-चारशे रुपयांची यूएसबी डोंगल आणि फोकसराइट कंपनीचं यूएसबीनं जोडायचं स्कार्लेट २आय२, तिसऱ्या पिढीचं.

निकाल आधीच सांगून टाकू. आवाजाच्या चोखपणाला पाचपैकी पाच. मांडणीच्या सोयीला जेमतेम अडीच. अल्सा आवाजाला स्वतःहून हात लावत नाही. कार्डातून जे आकडे येतात ते तसेच पुढं देतो. ‘आवाज सुधारणारी’ कुठलीही करामत तो गुपचूप सुरू करत नाही, आणि तंबोऱ्याला हेच हवं असतं. तक्रारी ज्या येतात त्या जवळजवळ सगळ्या ड्रायव्हरच्या भोवतालच्या: बंद राहिलेला मिक्सर, चुकीचं निवडलेलं कार्ड, नसलेलं फर्मवेअर, नसलेलं अर्थिंग. नवं कार्ड घ्यायला सांगलीच्या विश्रामबागला निघण्याआधी तासभर या गोष्टींना द्यावा.

आज्ञांची नावं इथं उच्चाराप्रमाणं देवनागरीत दिली आहेत. टर्मिनलमध्ये ती इंग्रजी छोट्या अक्षरांत टाइप करायची.

बसवायचं काय?

विंडोजची सवय असलेला माणूस पहिल्यांदा ड्रायव्हर ‘डाउनलोड’ करायला जातो. इथं डाउनलोड करण्यासारखं काही नसतं. अल्सा कर्नलमध्येच, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यातच, असतो. यारोस्लाव किसेला यांनी १९९८ मध्ये ग्रॅव्हिस अल्ट्रासाउंड या कार्डासाठी त्याची सुरुवात केली आणि डिसेंबर २००३ मध्ये आलेल्या २.६ कर्नलपासून तो आधीच्या ओएसएसच्या जागी लिनक्सचा मुख्य साउंड ड्रायव्हर झाला. कार्डाच्या चिपप्रमाणं त्याचे वेगवेगळे भाग आहेत: मदरबोर्डवरच्या कार्डाला ‘एसएनडी_एचडीए_इंटेल’, यूएसबी कार्डाला ‘एसएनडी_यूएसबी_ऑडिओ’. नावात इंटेल असलं तरी एएमडीच्या बोर्डावरही पहिलाच भाग चालतो, त्यानं गोंधळू नका. मशीन सुरू होताना योग्य भाग आपोआप चढतो. कुठल्या तरी साइटवरचा रिअलटेकचा जुना लिनक्स ड्रायव्हर आणून आजच्या कर्नलवर चढवणं हा चालू आवाज बंद पाडण्याचा हमखास मार्ग आहे.

अल्साच्या वर हल्ली पाइपवायर असतं. एकाच वेळी ब्राउझर, प्लेअर आणि रेकॉर्डर यांना एकच कार्ड वाटून द्यायचं काम त्याचं. लिनक्स मिंट २२, उबुंटू २२.१० आणि त्यानंतरच्या आवृत्त्यांत ते मुळातच असतं. बिघाड शोधताना हे दोन मजले वेगळे ठेवले की अर्धं काम होतं. खालच्या मजल्यावर कार्ड दिसतं का ते आधी बघायचं, वरच्याकडं नंतर.

खालचा मजला बघायला ‘एप्ले’ ही आज्ञा, पुढं हायफन आणि एल. वाजवू शकणाऱ्या सगळ्या कार्डांची यादी येते. ध्वनिमुद्रण करू शकणाऱ्या कार्डांसाठी तसंच ‘एरेकॉर्ड’, हायफन, एल. यादीत कार्ड आहे म्हणजे ड्रायव्हरनं आपलं काम केलं. आता दोष मिक्सरमध्ये किंवा पाइपवायरमध्ये शोधायचा. यादीत कार्डच नसेल तर पाइपवायर पुन्हा सुरू करत बसण्यात अर्थ नाही. तेव्हा कर्नलचे संदेश वाचायचे: ‘डीएमईएसजी’ ही आज्ञा सुडोसह (म्हणजे मुख्य वापरकर्त्याच्या अधिकारानं) देऊन निकालातून एसएनडी, एचडीए आणि एसओएफ ही अक्षरं असलेल्या ओळी तेवढ्या निवडून घ्यायच्या.

मदरबोर्डवरचं कार्ड

सगळ्यात जास्त वेळ जातो तो इथंच, म्हणून याबद्दल सविस्तर.

पहिली गोष्ट अल्सामिक्सर. टर्मिनलमध्ये त्याचं नाव दिलं की उभ्या पट्ट्या दिसतात. पाइपवायर असलेल्या मशीनवर सुरुवातीला एकच पट्टी दिसते आणि लोक तिथंच थांबतात. ती पाइपवायरची पट्टी असते, कार्डाची नव्हे. एफ६ दाबून खरं कार्ड निवडा, मग मास्टर, हेडफोन, फ्रंट, पीसीएम अशा सगळ्या पट्ट्या उघडतात. पट्टीखाली ‘एमएम’ लिहिलेलं असेल तर ती बंद आहे, ‘००’ असेल तर चालू. एम दाबलं की बदलते. एफ४ दाबलं की ध्वनिमुद्रणाच्या पट्ट्या येतात. तिथं स्पेसबार दाबून कुठल्या वाटेनं आवाज घ्यायचा ते ठरवायचं.

माइकच्या दोन पट्ट्यांत गफलत होते: बूस्ट आणि कॅप्चर. बूस्ट ०, १०, २०, ३० डेसिबलच्या पायऱ्यांनी चढतो. ३० वर ठेवलं तर तंबोऱ्याच्या विरत्या सुराखाली सळसळ ऐकू येतेच. कॅप्चरची पट्टी शंभर टक्क्यांवर नेणं म्हणजे ‘पूर्ण चालू’ असं नसतं. रिअलटेकच्या बऱ्याच चिपांवर ० डेसिबल पट्टीच्या मधेच कुठंतरी असतो आणि त्याच्या वर सगळी वाढीव फुगवणूक. पट्टीवर असताना वरच्या डाव्या कोपऱ्यात डेसिबलचा आकडा दिसतो. टक्क्यांकडं न बघता तो बघा. कॅप्चर ० च्या आसपास, बूस्ट १०, फार तर २०, आणि माइक वाद्याजवळ. इतकं करूनही आवाज अपुरा पडला तर तो माइक या कार्डाचा नव्हे. एक्सएलआर कंडेन्सर माइकला ४८ व्होल्ट फँटम, म्हणजे केबलमधूनच मिळणारी वीज, लागते, मदरबोर्डच्या गुलाबी जॅकमध्ये ती नसते. वायर जोडून तो माइक इथं चालवायचा खटाटोप करू नका.

दुसरी गोष्ट ऑटो-म्यूट. हेडफोन लावला की मागचे स्पीकर आपोआप बंद होतात ते याच्यामुळं. असेंबल केलेल्या डेस्कटॉपवर ही सोय उलटते. जुनं कॅबिनेट ठेवून आतला बोर्ड तेवढा बदलायची आपल्याकडं पद्धत आहे, आणि जुन्या कॅबिनेटच्या पुढच्या जॅककडून येणाऱ्या वायरीला बहुधा दोन प्लग असतात: एकावर ‘एसी९७’, दुसऱ्यावर ‘एचडी ऑडिओ’. दोन्ही बोर्डावरच्या त्याच नऊ पिनांच्या जागेत बसतात. एसी९७ चा प्लग बसवला तर जॅकमध्ये काही खुपसलंय की नाही हे सांगणारी खूणच चिपपर्यंत नीट पोचत नाही. मग ड्रायव्हर कधी समजतो की हेडफोन कायमचा लावलेला आहे, आणि मागचे स्पीकर मुके. कधी समजतो की पुढं काहीच लावलेलं नाही, आणि पुढचा जॅक मुका. ड्रायव्हर बदलून हे सुटत नाही, कारण ड्रायव्हरला मिळणारी माहितीच खोटी असते. कॅबिनेट उघडून एचडी ऑडिओचा प्लग बसवा, पाच मिनिटांचं काम आहे. त्या जागेत एक पिन मुद्दाम गाळलेली असते, त्यामुळं प्लग उलटा बसत नाही.

वायरीला तो दुसरा प्लगच नसेल तर अल्सामिक्सरमध्ये ‘ऑटो-म्यूट मोड’ डिसेबल्ड करा. पुढचा जॅक तरीही मेलेला राहिला तर ‘अल्सा टूल्स जीयूआय’ या पॅकेजमधलं ‘एचडीएजॅकरीटास्क’ वापरा. त्यात प्रत्येक जॅकची पिन दिसते. पुढचा हिरवा जॅक निवडून ओव्हरराइडची खूण करायची, प्रगत पर्यायांत जॅक डिटेक्शन ‘नाही’ असं द्यायचं, बूट ओव्हरराइड बसवायचं आणि मशीन पुन्हा सुरू करायचं. अल्साच्या भोवतालच्या अवजारांतलं हे सगळ्यात गुणी अवजार. याच अवजारानं, चिपनं मुभा दिली तर, गुलाबी जॅकला लाइन-इन, म्हणजे दुसऱ्या यंत्रातून आवाज घेण्याची वाटही करता येतं. लाइन-इन न दिलेल्या स्वस्त बोर्डावर ही फार उपयोगाची युक्ती आहे.

तिसरी गोष्ट एचडीएमआय. मॉनिटरची केबल एचडीएमआयची असली की ग्राफिक्स चिपचं आणखी एक साउंड कार्ड यादीत येतं, आणि ज्या मॉनिटरला स्पीकरच नाहीत तिकडं आवाज निघून जातो. ‘पाव्हूकंट्रोल’ बसवून त्याच्या कॉन्फिगरेशन पानावर एचडीएमआयच्या कार्डाचं प्रोफाइल ऑफ करून टाका. कार्डांचे क्रमांक बदलायच्या फायली लिहिण्यापेक्षा हे सोपं आणि टिकाऊ.

लॅपटॉपची गोष्ट थोडी निराळी. अलीकडच्या बऱ्याच इंटेल लॅपटॉपमध्ये आतले माइक डिजिटल असतात आणि ते डीएसपीला, म्हणजे आवाजावर काम करणाऱ्या एका वेगळ्या भागाला, जोडलेले असतात. त्याला साउंड ओपन फर्मवेअर, म्हणजे एसओएफ लागतं. ते नसलं की सेटिंगमध्ये कार्डाच्या जागी ‘डमी आउटपुट’ एवढंच दिसतं. डेबियनमध्ये ‘फर्मवेअर-एसओएफ-साइन्ड’ हे पॅकेज नॉन-फ्री-फर्मवेअर विभागातून घ्या आणि मशीन पुन्हा सुरू करा. काही जण त्याऐवजी ‘एसएनडी_इंटेल_डीएसपीसीएफजी’ला ‘डीएसपी_ड्रायव्हर’ची किंमत १ देतात. त्यानं जुन्या पद्धतीचा एचडीए ड्रायव्हर चढतो, स्पीकर बोलूही लागतात, पण आतला माइक जातो. तात्पुरती मलमपट्टी म्हणून ठीक, कायमचं नको.

एकाच मशीनवर विंडोजही असेल तर आणखी एक लक्षात ठेवा. विंडोजमधून ‘रीस्टार्ट’ करून थेट लिनक्समध्ये आलात तर चिप कधी कधी विंडोजनं सोडलेल्याच अवस्थेत अडकून राहते आणि आवाज येत नाही. मशीन पूर्ण बंद करून, दहा सेकंद थांबून सुरू करा. विंडोजमधलं फास्ट स्टार्टअपही बंद करून ठेवा.

आणि ती ‘टप्’. काही सेकंद शांतता गेली की चिप झोपते. पुन्हा आवाज सुरू होताना स्पीकरमधून टप् असं येतं आणि पहिल्या सुराचा थोडा भाग गिळला जातो. गाणं ऐकताना चालून जातं, पण ध्वनिमुद्रण तपासायला पहिल्या तारेचा आघात ऐकायचा असेल तर अजिबात चालत नाही. ‘ईटीसी’मधल्या ‘मॉडप्रोब.डी’ या फोल्डरमध्ये ‘.कॉन्फ’ने संपणारी एक फाइल करून त्यात एवढी ओळ लिहायची: ऑप्शन्स एसएनडी_एचडीए_इंटेल पॉवर_सेव्ह=०. रीस्टार्ट केलं की टप् जाते. लॅपटॉपची बॅटरी किंचित जास्त खर्च होते, इतकंच.

स्वस्त डोंगल: एका बटणाचा प्रश्न

बाजारातल्या छोट्या यूएसबी डोंगलींत बहुतेकदा सी-मीडियाची सीएम१०८ घराण्यातली चिप असते. लावली की चालते, ड्रायव्हरला काही सांगावं लागत नाही. माइकची बाजू मोनो आणि १६ बिट. या किमतीत तेही कमी नाही. पण ज्यानं तंबोरा बिघडतो अशी एक गोष्ट तिच्यात सुरुवातीपासून चालू असते: ऑटो गेन कंट्रोल.

याचं काम बारीक आवाज मोठा करायचा आणि मोठा आवाज दाबायचा. बोलण्याला बरं. तंबोऱ्यात काय होतं बघा: तार छेडली की आघात दाबला जातो, आणि सूर विरायला लागला की चिप तो पुन्हा वर ओढते. विरणं नाहीसं होतं, सूर भात्यासारखा आत-बाहेर होतो, तारेतारेतलं अंतर पुसलं जातं. ऐकणाऱ्याला वाटतं जवारी नीट लागलेली नाही. बिचारा तारेखालचा जवारीचा दोरा वरखाली सरकवत बसतो आणि दोष असतो डोंगलीत. अल्सामिक्सरमध्ये एफ६ दाबून डोंगल निवडा, ‘ऑटो गेन कंट्रोल’ नावाच्या खान्यावर जाऊन एम दाबा, एमएम दिसलं की झालं. मग सुडोसह ‘अल्साकंट्रोल’ची आज्ञा, म्हणजे ए-एल-एस-ए-सी-टी-एल, पुढं ‘स्टोअर’ असं द्या, म्हणजे पुढच्या वेळी मशीन सुरू झाल्यावरही ते बंदच राहील.

हे बटण उघडपणे दाखवतो म्हणूनच अल्सा आवडतो. विंडोजवर अशा गोष्टी ‘एन्हान्समेंट’ नावाच्या कोपऱ्यात दडलेल्या असतात.

अशीच ढवळाढवळ वरच्या मजल्यावरूनही होते. परगावच्या गिऱ्हाइकाला मिरजेच्या सतारमेकर गल्लीतून व्हिडिओ कॉलवर तंबोरा ऐकवायचा असेल तर कार्ड कितीही चांगलं असो, कॉलचं सॉफ्टवेअर सतत चाललेल्या सुराला पंख्याचा आवाज समजतं आणि कापून टाकतं. अल्सा आणि पाइपवायर मुळात असलं नॉइज सप्रेशन लावत नाहीत. ते ब्राउझर किंवा कॉलचं ॲप लावतं. झूममध्ये ‘ओरिजिनल साउंड’ चालू करा, इतर ॲपमध्ये नॉइज कॅन्सलेशन बंद करा. मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. ते वाद्य गिऱ्हाइकाच्या कानावर अर्धवट कापून जाऊ नये.

स्कार्लेट २आय२

ध्वनिमुद्रण मनापासून करायचं असेल तर हे किंवा याच्या तोडीचं कार्ड घ्यावं. २४ बिट, दोन माइक, ४८ व्होल्ट फँटम. कंपनी लिनक्सचा ड्रायव्हर देत नाही, पण त्याची गरजही पडत नाही. कार्ड यूएसबी ऑडिओच्या सर्वसाधारण नियमांना धरून असल्यामुळं अल्सा ते लगेच ओळखतो.

तरी दोन अडथळे आहेत. नवं कार्ड डब्यातून काढून लावलं की ते पेनड्राइव्हसारखं डिस्क म्हणून दिसतं, आत नोंदणीची लिंक असते. याला एमएसडी मोड म्हणतात. तो चालू असेपर्यंत कार्डाचे कंट्रोल सॉफ्टवेअरला मिळत नाहीत. कार्डाची केबल काढा, ४८व्ही चं बटण दाबून धरा आणि धरूनच केबल लावा, पाचेक सेकंदांनी सोडा. मग केबल काढून पुन्हा लावा. एकदाच करावं लागतं.

दुसरा अडथळा कर्नलच्या आवृत्तीचा. एअर, लाइन-इन्स्ट्रुमेंट, फँटम, डायरेक्ट मॉनिटर (माइकचा आवाज कंप्यूटरमधून न फिरवता थेट कानात) हे सगळं सॉफ्टवेअरमधून हलवायची सोय जेफ्री बेनेट यांनी अल्सात घातली. तिसऱ्या पिढीसाठी ती कर्नल ५.१४ पासून आहे, पण ६.७ येईपर्यंत ती आपण होऊन चालू होत नसे. ‘यूनेम’, हायफन, आर देऊन आपली आवृत्ती बघा. मिंट २२ मध्ये ६.८ आहे, तिथं काही करायचं नाही. डेबियन १२ मध्ये ६.१ आणि मिंट २१ मध्ये ५.१५, तिथं मॉडप्रोबच्या फोल्डरात एक ओळ लागते: ऑप्शन्स एसएनडी_यूएसबी_ऑडिओ व्हीआयडी=०एक्स१२३५ पीआयडी=०एक्स८२१० डिव्हाइस_सेटअप=१. शेवटचा ८२१० हा तिसऱ्या पिढीच्या २आय२ चा क्रमांक, सोलोचा ८२११. आकडा चुकला तर तक्रार कुठं दिसत नाही, कंट्रोल तेवढे येत नाहीत. म्हणून ‘एलएसयूएसबी’ ही आज्ञा देऊन आपल्या कार्डाचा क्रमांक आधी पडताळा. रीस्टार्टनंतर कर्नलच्या संदेशांत स्कार्लेटचा मिक्सर ड्रायव्हर ‘एनेबल्ड’ झाल्याची ओळ दिसली पाहिजे. वापरायला ‘अल्सा स्कार्लेट जीयूआय’ हा बेनेट यांचाच प्रोग्रॅम घ्या, अल्सामिक्सरमधल्या लांबलचक नावांपेक्षा डोळ्यांना फार सुसह्य आहे.

चौथ्या पिढीच्या २आय२ ला ही सोय कर्नल ६.८ पासून मिळते. त्याआधीच्या कर्नलवर आवाज येईल, पण गेन सॉफ्टवेअरमधून हलणार नाही.

गेन, म्हणजे माइकच्या आवाजाची वाढ, किती ठेवायचा? सगळ्यात जोरात छेडलेली तार उणे १२ डेसिबलच्या आसपास यावी. २४ बिटमध्ये यापेक्षा वर रेटायचं काही कारण नसतं. माइक घोडीच्या समोर, वीत-दीड वीत अंतरावर ठेवून सुरुवात करा. अगदी जवळ नेला तर बोटाचा आघात जास्त आणि भोपळ्याची घुमारी कमी येते.

दर आणि बफर

दर म्हणजे सेकंदाला आवाजाचे किती नमुने घेतले जातात तो आकडा. पाइपवायर मुळात ४८००० हर्ट्झवर चालतं आणि ४४१०० ची फाइल आली तर रूपांतर करून वाजवतं. रूपांतर चांगलं असतं, त्याची काळजी नको. काळजी असते ती फाइलचा दर एक, कार्डाचा दुसरा आणि मधे रूपांतर करणारं कोणीच नाही अशा स्थितीची. उदाहरणार्थ, दर आत लिहिलेला नसलेली कच्ची (बिनहेडरची) फाइल चुकीचा दर देऊन उघडली तर. ४४१०० वर घेतलेला तंबोरा ४८००० नं वाजला की जवळजवळ दीड अर्धस्वर वर जातो: पेटीच्या काळी एकला लावलेला सूर पांढरी दोन आणि काळी दोनच्या मधे कुठंतरी लोंबकळतो. पेटीवर कुठल्याच पट्टीत बसत नाही असा सूर ऐकू आला तर तारा पिळण्याआधी दर तपासा. ध्वनिमुद्रण, प्रोजेक्ट आणि कार्ड, तिन्ही ४८००० वर ठेवले की हा प्रश्न उद्भवत नाही.

बफर, म्हणजे एका वेळी साठवून पुढं द्यायच्या नमुन्यांचा गठ्ठा. त्याच्या बाबतीत लोक उगाच घाई करतात. १०२४ नमुन्यांचा बफर ४८००० वर २१.३ मिलिसेकंद धरतो, २५६ चा ५.३, १२८ चा २.७. नुसता तंबोरा घ्यायचा असेल तर १०२४ च ठेवा. गायकाला कंप्यूटरमधून फिरून आलेला स्वतःचा आवाज कानात ऐकायचा असेल तेव्हाच २५६ वर या, आणि स्कार्लेटसारखं डायरेक्ट मॉनिटर असेल तर तेही नको. बफर लहान केल्यावर ‘पीडब्ल्यू-टॉप’ उघडून ईआरआर या रकान्याकडं लक्ष ठेवा. तो आकडा वाढत असेल तर ध्वनिमुद्रणात बारीक तुटकेपणा शिरतोय. यूएसबी कार्ड हबमधून काढून थेट मागच्या पोर्टला लावलं की अनेकदा तो थांबतो.

घरघर

ड्रायव्हरच्या माथी मारली जाणारी ही सगळ्यात मोठी तक्रार. तिचा ड्रायव्हरशी काही संबंध नाही. आपली वीज ५० हर्ट्झची. तिची घरघर ५०, १००, १५० अशी वाढत जाते. काळी एकच्या तंबोऱ्याचा खर्ज सुमारे ६९ हर्ट्झ, जोडीच्या (मधल्या दोन) तारा सुमारे १३९. म्हणजे विजेचा १५० चा सूर जोडीच्या अगदी शेजारी येऊन बसतो, आणि दोन्ही मिळून एक खरखरीत थरथर तयार होते. गाण्यात ही ऐकू येत नाही. तंबोऱ्यात जवारीच बिघडल्यासारखी वाटते.

ओळखायची रीत सोपी: लॅपटॉपचा चार्जर काढा. घरघर गेली तर दोष अर्थिंगचा. सांगलीच्या गावभागातल्या जुन्या वाड्यांत अजून दोन पिनांचे सॉकेट किंवा तिसरं भोक असून आत वायर नसलेले सॉकेट सापडतात. ध्वनिमुद्रण बॅटरीवर करा, किंवा कंप्यूटर, कार्ड आणि ॲम्प्लिफायर सगळं एकाच अर्थिंग असलेल्या बोर्डावरून घ्या. अर्थिंगची पिन तोडून घरघर घालवायचा सल्ला देणारे भेटतील. तो ऐकू नका, धातूच्या पेटीत वीज उतरली तर जीव जातो. वायरमनकडून अर्थिंग करून घ्या, त्याचा खर्च नव्या कार्डापेक्षा खूपदा कमी येतो.

घरघर नसून खरखर असेल, आणि प्लग फिरवला की कमीजास्त होत असेल, तर जॅक गंजलेला आहे. कृष्णेच्या पुराचं पाणी शिरलेल्या किंवा पावसाळाभर ओलीत राहिलेल्या कॅबिनेटांचं हे दुखणं. काँटॅक्ट क्लीनर मारून प्लग दहा-वीस वेळा आत-बाहेर करा, नाही गेली तर यूएसबी कार्ड वापरा.

जिथं गुण कापले

अडीच गुण कापले ते कंट्रोलच्या नावांमुळं आणि मदतीच्या दुष्काळामुळं. एकाच चिपवर मास्टर, फ्रंट, हेडफोन, पीसीएम अशा चार पट्ट्या एकमेकींच्या मागं उभ्या, आणि त्यांतली कुठलीही एक बंद असली की आवाज बंद. नवख्याला हे कळणार कसं? चुकीचा पर्याय लिहिला तर ड्रायव्हर बहुतेक वेळा पडद्यावर काही बोलत नाही, कर्नलच्या संदेशांत जाऊन शोधावं लागतं. ऑटो-म्यूटसारखी नेहमी लागणारी गोष्ट अजून टर्मिनलच्या पट्ट्यांतच आहे, साउंड सेटिंगच्या खिडकीत नाही. इतका चोख ड्रायव्हर लिहिणाऱ्यांनी पुढचा दरवाजा मात्र अरुंद ठेवला आहे, आणि याचं वाईट वाटतं, कारण कितीतरी लोक त्या दरवाज्यातूनच परत जातात.

मदत मागायची वेळ आलीच तर ‘आवाज येत नाही’ एवढंच लिहू नका. ‘अल्सा-इन्फो’ ही स्क्रिप्ट चालवा. कर्नलची आवृत्ती, चिपचं नाव, सगळ्या पट्ट्यांची स्थिती असं सगळं ती एका फाइलमध्ये गोळा करते. ती माहिती इंटरनेटवर चढवू का असं विचारते, तेव्हा नको म्हणून फाइल स्वतःजवळ ठेवा आणि वाचून मग पाठवा. सोबत तीन गोष्टी लिहा: ‘एप्ले’च्या यादीत कार्ड दिसतं का, हेडफोन आणि मागचे स्पीकर दोन्ही मुके आहेत की एकच, आणि मशीन पूर्ण बंद करून सुरू केल्यावर काही फरक पडला का.